नदीचे वकीलपत्र

स्नान करताना कळशीतल्या पाण्यात गंगा, यमुना, गोदावरी आदी सात नद्यांना आवाहन करण्याची आपली रीत फार जुनी आहे. पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकू नये, अपवित्र वस्तू सोडू नये, असा निषेध मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्पष्ट शब्दांत आलेला आहे. श्रद्धा जुनी आहे, निषेधही जुना आहे. आणि तरीही आपल्या नद्या मलिन आहेत. यावरून कायद्याच्या अभ्यासकाच्या मनात एक विचार येतो. नियम असणे ही एक गोष्ट झाली. नियम मोडणाऱ्याला न्यायासनासमोर उभे करणारा कोणी असणे ही अगदी निराळी गोष्ट होय.

देवळाशी संबंध असलेल्या वाचकांस हा भेद समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. देवाची मूर्ती बोलत नाही, सही करीत नाही, वकीलपत्र देत नाही. तथापि देव हा कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ असून त्याच्या नावाने दावा चालू शकतो, हे तत्त्व आपल्याकडे कधीचेच रुजलेले आहे. १९२५ साली कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातील खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने तर असे ठरविले की, भांडणाऱ्या सेवेकऱ्यांखेरीज मूर्तीचे म्हणणेही, नि:स्वार्थी त्रयस्थ प्रतिनिधीच्या द्वारे, न्यायालयापुढे स्वतंत्रपणे आले पाहिजे. देवाची जमीन कोणी बळकावली तर महाजन उभा राहतो, पुजारी उभा राहतो, निदान एखादा भक्त तरी उभा राहतो. मग नदीच्या वतीने कोणी उभे राहावे? नदीचे वकीलपत्र कोणी घ्यावे?

या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ आणि बोधप्रद इतिहास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडला आहे. तेथेही अनेक राज्ये आणि एक मध्यवर्ती सरकार, तेथेही राज्यांच्या सीमा न जाणणाऱ्या नद्या, आणि तेथेही कारखान्याच्या करावर व रोजगारावर डोळा ठेवून असलेली राज्य सरकारे. म्हणून तो इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

* * *

शिकागो शहर मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले आहे. पिण्याचे पाणी ते या सरोवरातून घेई आणि शहरातील घाण शिकागो नदीवाटे याच सरोवरात जाई. यावर शहराने जो तोडगा काढला तो अचाट होता. त्यांनी मोठा कालवा खोदून नदीचा प्रवाहच उलटा फिरविला. १९०० च्या जानेवारीत कालवा सुरू झाला आणि शहराची घाण सरोवराऐवजी डेस प्लेन्स व इलिनॉय या नद्यांतून मिसिसिपीत जाऊ लागली. मिसिसिपीच्या काठी, मिसूरी राज्यात, सेंट लुई हे मोठे शहर आहे. मिसूरीने तत्काळ इलिनॉय राज्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात दावा आणला.

निकाल १९०६ साली लागला. तो लिहिला न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी. मिसूरीचे म्हणणे असे की, शिकागोच्या घाणीतील विषमज्वराचे जंतू सेंट लुईच्या पाण्यात येतात. मधले अंतर ३५७ मैलांचे. जंतू तेवढा प्रवास जिवंतपणी करतात की वाटेतच मरतात, यावर दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांचे ढीगभर पुरावे आले. निरुपद्रवी जंतूंची १०७ पिंपे कालव्यात ओतून ते खाली सापडतात काय, याचाही प्रयोग झाला. शेवटी मिसूरीचा दावा पुराव्याअभावी फेटाळला गेला. होम्स यांनी दोन गोष्टींवर बोट ठेवले. पहिली, रोग याच घाणीतून आला हे सिद्ध झालेले नाही. आणि दुसरी, मिसूरीची स्वतःची गावेही आपली घाण याच नद्यांत सोडतात, तेव्हा जे आपण करतो तेच शेजाऱ्याने केले म्हणून त्याच्याविरुद्ध दाद मागणे कठीण आहे.

या निकालात पुढील शंभर वर्षांच्या वादाचे बीज आहे. पाणी वाहते राहते. त्यात दहा जण घाण टाकतात. आणि अमक्याच्या घाणीने अमक्याचा रोग झाला हे सिद्ध करण्याचा भार वादीवर पडतो. हा भार ज्या कायद्याने उचलला नाही तो कायदा कागदावरच राहणार, हे त्याच दिवशी ठरून गेले. आपल्याकडे म्हादईसारख्या वादात दोन राज्ये पाण्याच्या वाटपासाठी भांडताना आपण पाहिली आहेत. वाटपात निदान पाणी मोजता तरी येते. शुद्धतेच्या वादात मोजायचे काय आणि कोठे, येथूनच भांडण सुरू होते.

* * *

गंमत अशी की, मिसूरीचा दावा चालू असतानाच एक प्रभावी हत्यार अमेरिकेच्या कायदेसंग्रहात पडून होते. नद्या व बंदरे यांच्याविषयी १८९९ साली झालेल्या कायद्याच्या १३ व्या कलमाने, नौकानयनास योग्य अशा पाण्यात सरकारी परवानगीवाचून कोणत्याही प्रकारचा कचरा टाकणे हा गुन्हा ठरविला होता. रस्त्यांतून व गटारांतून वाहून येणारे सांडपाणी मात्र त्यातून वगळले होते. म्हणजे नगरपालिका सुटल्या, कारखाने सापडले. शिवाय गुन्ह्याची खबर देणाऱ्यास दंडाची निम्मी रक्कम देता येईल, अशीही तरतूद होती. कायद्याचा मूळ हेतू जहाजांची वाट मोकळी ठेवावी एवढाच. म्हणून साठ वर्षे त्याच्याकडे कोणी प्रदूषणाचा कायदा म्हणून पाहिले नाही.

ते पाहिले न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी. १९६० साली शिकागोजवळच्या कॅल्युमेट नदीत पोलादाच्या कारखान्यांनी सोडलेला बारीक गाळ नदीचे पात्र उथळ करीत होता. तो गाळ पाण्यात मिसळून येत असला तरी अडथळा तो अडथळाच, असा निकाल डग्लस यांनी बहुमताच्या वतीने दिला. १९६६ साली फ्लोरिडातील सेंट जॉन्स नदीत एका तेल कंपनीकडून विमानाचे पेट्रोल सांडले. कंपनीचा बचाव असा की, चांगले विकाऊ पेट्रोल म्हणजे ‘कचरा’ नव्हे. शब्दाचा अर्थ कोशात शोधणाऱ्या वकिलास हा मुद्दा मोहक वाटावा असाच होता; आणि खालच्या न्यायालयाला तो पटलाही होता. डग्लस यांनी तो झिडकारला. वस्तूची बाजारात किंमत काय, याच्याशी नदीला कर्तव्य नाही. पाण्यात पडल्यावर ती नदीचा नाश करते की नाही, एवढेच पाहायचे.

त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठच्या कोळ्यांनी आणि मासेमारीच्या शौकिनांनी आपला संघ स्थापन केला. रेल्वेच्या आवारातून नदीत तेल येत होते आणि माशांना तेलाचा वास मारत होता. त्यांच्यातील रॉबर्ट बॉईल या लेखकाने तो विसरलेला १८९९ चा कायदा शोधून काढला. खबर देणाऱ्यास निम्मा दंड मिळतो ही तरतूद वाचून कोळ्यांनी पुरावे गोळा करण्यास आरंभ केला, आणि पुढे रेल्वे कंपनीला दंड होऊन त्यांना त्यातला वाटाही मिळाला. ज्याच्या पोटाशी नदीचा संबंध आहे, त्याच्या हाती कायद्याचे कलम पडले म्हणजे काय होते, याचे हे पहिले ठळक उदाहरण.

* * *

मध्यंतरी सरकार स्वस्थ बसले होते असे नव्हे. १९४८ साली जलप्रदूषण नियंत्रणाचा पहिला संघीय कायदा झाला. १९५६ व १९६५ साली त्याला दुरुस्त्या झाल्या. परंतु त्याची रचना पाहिली म्हणजे तो चालू नये अशीच योजना होती की काय, असे वाटू लागते. आधी नोटीस, मग परिषद, परिषदेनंतर शिफारशी, त्यांना मुदत, मग सुनावणी, पुन्हा मुदत, आणि इतक्यानेही भागले नाही तर दावा. दावाही पुष्कळ वेळा संबंधित राज्याच्या संमतीशिवाय आणता येत नसे. आणि तो आणला तरी, नदीचे पाणी ठरीव दर्ज्याखाली गेले आहे आणि ते याच प्रतिवादीमुळे गेले आहे, हे सिद्ध करावयाचे. म्हणजे पुन्हा मिसूरीचाच प्रश्न! सिनेटच्या समितीने १९७१ साली हिशेब मांडला, तेव्हा दोन दशकांहून अधिक काळात या मार्गाने एकच प्रकरण न्यायालयापर्यंत पोचल्याचे दिसून आले. ते १९६० साली सेंट जोसेफ या शहराविरुद्ध दाखल झाले होते; आणि हे शहर दुसऱ्या कोठले नव्हे, मिसूरी राज्यातलेच. होम्स यांनी साठ वर्षांपूर्वी जे सुनावले होते त्याला इतिहासाने असा दुजोरा दिला.

२२ जून १९६९ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे कायाहोगा नदीवर तरंगणाऱ्या तेलकट थराने पेट घेतला. आग अर्ध्या तासाच्या आत विझली. रेल्वेच्या दोन पुलांचे सुमारे ५०,००० डॉलरचे नुकसान झाले. ही नदी काही पहिल्यांदाच पेटली नव्हती. १९५२ ची आग याहून कितीतरी मोठी होती. किंबहुना १९६९ च्या आगीचे म्हणून ‘टाइम’ साप्ताहिकाने जे छायाचित्र छापले ते १९५२ चेच होते. पूर्वी नदी पेटली तर लोक पुलाचे नुकसान मोजत. आता लोक नदीचे नुकसान मोजू लागले होते. फरक आगीत पडला नव्हता, पाहणाऱ्यांच्या दृष्टीत पडला होता.

१९७२ चे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे ठरले. १९ एप्रिल रोजी सिएरा क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निसर्गाविषयी केवळ आस्था आहे एवढ्याने कोणाला दावा आणता येत नाही; स्वतःला काय इजा पोचली ते सांगावे लागते. डग्लस यांनी भिन्नमत नोंदविले. जहाजाच्या नावाने खटला चालतो, कंपनीच्या नावाने चालतो, तर नदीच्या, दरीच्या, वनराईच्या नावाने का चालू नये, हा त्यांचा प्रश्न होता. आमच्या वाचकांस हा विचार परका वाटणार नाही; परंतु अमेरिकेच्या न्यायालयात तो एकट्याचा आवाज ठरला. पाचच दिवसांनी, २४ एप्रिलला, त्याच डग्लस यांनी दुसऱ्या एका खटल्यात संपूर्ण न्यायालयाचा निकाल लिहिला. वादी होते इलिनॉय राज्य. तक्रार अशी की, मिल्वॉकी शहर आपली घाण मिशिगन सरोवरात सोडते. ज्या राज्याने सरोवर वाचविण्यासाठी आपली घाण मिसूरीच्या दारी नेऊन टाकली, तेच आता फिर्यादी होऊन आले होते. डग्लस यांनी ठरविले की, अशा आंतरराज्य वादात संघीय न्यायालये न्यायतत्त्वांच्या आधारे मनाई हुकूम देऊ शकतील. मात्र पुढे विधिमंडळाने सर्वांगीण कायदा केला तर हे तत्त्व मागे पडू शकेल. तसेच झाले. कायदा सहाच महिन्यांत आला, आणि १९८१ साली त्याच मिल्वॉकीच्या प्रकरणात न्यायालयाने तो मार्ग बंद केला.

* * *

१९७२ चा कायदा मेन राज्याचे सिनेटर एडमंड मस्की यांच्या पुढाकाराने झाला. खर्च फार या कारणास्तव अध्यक्ष निक्सन यांनी १७ ऑक्टोबरला त्यावर नकाराधिकार वापरला. पण सिनेटने ५२ विरुद्ध १२ आणि प्रतिनिधिगृहाने २४७ विरुद्ध २३ मतांनी तो नकार मोडून काढला आणि १८ ऑक्टोबरला कायदा अमलात आला. १९८५ पर्यंत नद्यांत घाण सोडणेच बंद व्हावे, असे ध्येय त्यात लिहिले होते. ते साध्य झाले नाही. परंतु या कायद्याचे खरे सामर्थ्य ध्येयात नव्हते, रचनेत होते.

त्याने तीन गोष्टी केल्या. पहिली अशी की, परवान्यावाचून नळातून वा चरातून पाण्यात काहीही सोडणे बेकायदा ठरविले. आता नदी किती बिघडली हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. नळाच्या तोंडाशी किती घाण निघते आणि परवान्यात किती मुभा आहे, एवढेच ताडून पाहायचे. होम्स यांच्यासमोर ३५७ मैलांवर करावी लागलेली मोजणी कारखान्याच्या कुंपणाशी आली. दुसरी गोष्ट अशी की, प्रत्येक परवानाधारकाने आपल्या सांडपाण्याची नियमित तपासणी करून त्याचे अहवाल स्वतःच्या सहीने सरकारकडे दाखल करावेत आणि ते जनतेस पाहण्यास खुले असावेत, असे बंधन घातले. वकिलाच्या भाषेत सांगायचे तर, प्रतिवादीची कबुली त्याच्याच हाताने दरमहा दप्तरात जमा होऊ लागली. आणि तिसरी गोष्ट म्हणजे ५०५ वे कलम. सरकारने कारवाई केली नाही, तर ज्याच्या हिताला बाध येतो असा कोणीही नागरिक ६० दिवसांची नोटीस देऊन उल्लंघन करणाऱ्यास न्यायालयात खेचू शकेल. दंडाची रक्कम त्याच्या खिशात जाणार नाही, सरकारी खजिन्यात जाईल. मात्र दाव्याचा खर्च व वकिलाची फी न्यायालय देववू शकेल. १८९९ च्या कायद्यातील खबऱ्याचे बक्षीस गेले आणि त्याच्या जागी नागरिकाचा अधिकार आला.

सरकारने आपल्या हाताने चालविलेले मोठे खटलेही झाले. व्हर्जिनियातील होपवेल येथे केपोन नावाचे कीटकनाशक तयार होई. कामगारांना कंप सुटू लागले तेव्हा १९७५ साली कारखाना बंद पडला. विष जेम्स नदीत उतरल्याचे आढळले आणि राज्यपालांना नदीतील मासेमारी बंद करावी लागली. अलाईड केमिकल या कंपनीने ९४० आरोपांवर बचाव न करण्याचे पत्करले. न्यायाधीश रॉबर्ट मेर्हिज यांनी १९७६ साली १ कोटी ३२ लाख डॉलरहून अधिक दंड ठोठावला. पुढे कंपनीने ८० लाख डॉलर देऊन व्हर्जिनियाच्या पर्यावरणासाठी निधी स्थापिला, तेव्हा दंड ५० लाखांवर आला. दंड खजिन्यात गेला तर नदीला त्याचा उपयोग काय, हा प्रश्न त्या न्यायाधीशांना पडला होता हे उघड आहे.

१९८७ च्या टल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रतिवादीचीही बाजू राखली. सरकार दिवाणी दंड मागत असेल तर दोष आहे की नाही हे ज्यूरीने ठरवावे, दंडाची रक्कम न्यायाधीशाने ठरवावी. नदीचा कैवार घेताना माणसाचे हक्क तुडविले जाऊ नयेत, हे कायद्याला सांभाळावेच लागते.

* * *

नागरिकांच्या दाव्यांचे काय झाले? व्हर्जिनियातील पेगन नदीकाठी ग्वाल्टनी या कंपनीचा मांसाचा कारखाना होता. चेसापीक उपसागराच्या रक्षणासाठी झटणाऱ्या संस्थेने १९८४ च्या जूनमध्ये दावा आणला. कंपनीने अहवालात नोंदविलेले शेवटचे उल्लंघन होते त्याच वर्षीच्या मे महिन्यातले. खालच्या न्यायालयाने १२ लाख ८५ हजार डॉलरहून अधिक दंड केला. परंतु १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील क्रियापदाचा काळ पाहिला. कलम ‘उल्लंघन करीत आहे’ अशाविरुद्ध आहे, ‘केले होते’ अशाविरुद्ध नाही. म्हणून केवळ होऊन गेलेल्या अपराधासाठी नागरिकाला येता येणार नाही. अपराध चालू आहे किंवा पुन्हा पुन्हा होतो आहे, असे त्याला प्रामाणिकपणे म्हणता आले पाहिजे. एका क्रियापदावर लाखांचे दावे कसे तरतात आणि बुडतात, ते येथे पाहावे.

याहून बोधप्रद आहे लेडलॉ खटला. दक्षिण कॅरोलायनातील रोबक येथे या कंपनीची घातक कचरा जाळण्याची भट्टी होती. तिचे सांडपाणी नॉर्थ टायगर नदीत जाई. १९८७ ते १९९५ या काळात पाऱ्याची मर्यादा तिने ४८९ वेळा ओलांडल्याचे न्यायालयाला आढळले. ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ आणि अन्य संस्थांनी १९९२ च्या एप्रिलमध्ये ६० दिवसांची नोटीस दिली. कायद्यात अशी सोय आहे की, सरकार स्वतः नेटाने खटला चालवीत असेल तर नागरिकाचा दावा थांबतो. तेव्हा कंपनीच्या वकिलाने राज्याच्या खात्याकडे जाऊन, आपल्यावर दावा लावावा अशी विनंती केली. दावापत्र कंपनीच्याच वकिलाने लिहिले. दाखल करण्याची फीही कंपनीनेच भरली. आणि मुदतीच्या अखेरच्या दिवशी १ लाख डॉलर व ‘शक्य ते सर्व प्रयत्न’ करण्याचे आश्वासन यांवर तडजोड झाली. आपल्या कोर्टकचेऱ्यांत लटक्या दाव्यांची ओळख कोणाला नाही? देवस्थानांच्या जमिनींच्या इतिहासात अशा सामोपचाराची उदाहरणे शोधण्यास दूर जावे लागत नाही.

खालच्या न्यायालयाने ही नेटाची कारवाई नव्हे असे म्हणून कंपनीला ४,०५,८०० डॉलर दंड केला. मात्र त्याच न्यायालयाने असेही नमूद केले होते की, या पाऱ्याने नदीची प्रत्यक्ष हानी झाल्याचे सिद्ध झालेले नाही. कंपनीने तोच मुद्दा धरला. नदीची हानी नाही तर तुमची इजा कोठली? १२ जानेवारी २००० रोजी न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी सात विरुद्ध दोन अशा बहुमताचा निकाल लिहिला. काठी राहणाऱ्या साध्या माणसांनी साक्षी दिल्या होत्या की, पूर्वी आपण या नदीत पोहत होतो, मासे धरीत होतो. आता भीतीने तेथे जात नाही. गिन्सबर्ग यांनी म्हटले, पाहायची ती नदीची इजा नव्हे, तर माणसाची; आणि बेकायदा विसर्गाच्या रास्त भीतीने माणूस नदीपासून तुटतो, हीच त्याची इजा. दंड खजिन्यात गेला तरी त्याच्या धाकाने पुढची उल्लंघने थांबतात, म्हणून त्यात वादीचे हित आहे. न्यायमूर्ती स्कालिया यांनी विरोधी मत मांडले. सरकारने कोणावर कारवाई करावी हे ठरविण्याचा अधिकार असा खाजगी संस्थांच्या हाती जाणे लोकशाहीस हितकर नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तो हलक्याने घेण्यासारखा नाही. नदीचा कैवारी म्हणून उभा राहिलेला प्रत्येक जण निःस्वार्थी असतोच, असे कोण म्हणेल? परंतु लेडलॉसारखे प्रकरण पाहिल्यावर विचारावेसे वाटते की, त्या नागरिकांनी नोटीस दिली नसती तर खात्याने ती तडजोड तरी केली असती काय?

* * *

यापुढचा वाद निराळ्या वळणाने गेला. नदी कशाला म्हणावे हाच प्रश्न झाला. कायद्यातील शब्द ‘संयुक्त संस्थानांची जले’ असा आहे. त्यात ओहोळ, दलदल, पाणथळ जमीन येते काय? २००६ च्या रापानोस खटल्यात न्यायालय दुभंगले. २०२३ च्या २५ मे रोजी सॅकेट खटल्यात न्यायमूर्ती अलिटो यांच्या निकालाने ठरले की, पाणथळ जमिनीचा मोठ्या जलाशयाशी पृष्ठभागावर अखंड संबंध असेल तरच तिला हे संरक्षण मिळेल. त्या खटल्यातील वादी म्हणजे आयडाहोतील तळ्याजवळ घर बांधू पाहणारे एक जोडपे. आपल्या प्लॉटवर भराव घातला म्हणून रोजच्या हजारो डॉलर दंडाची धमकी त्यांच्या डोक्यावर होती. त्यांची बाजू ऐकली म्हणजे तीही खोटी वाटत नाही. मात्र जमिनीखालून वाहणारे पाणी अखंड दिसत नसले तरी नदीशी जोडलेलेच असते, हे आपल्याकडचा विहीर खणणाराही जाणतो. २०२० च्या माउई खटल्यात न्यायालयाने तसे काही अंशी मानलेही होते. हवाईतील त्या बेटावर सांडपाणी जमिनीत सोडले जाई आणि ते सुमारे अर्ध्या मैलावर समुद्रात निघे. परिणामी ते थेट सोडल्यासारखेच असेल तर परवाना हवा, असे न्यायमूर्ती ब्रेयर यांनी ठरविले.

४ मार्च २०२५ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहराच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल झाला. ‘तुमच्यामुळे पाण्याचा दर्जा घसरता कामा नये’ असे मोघम बंधन परवान्यात घालता येणार नाही. काय करावे हे सरकारनेच नेमके सांगितले पाहिजे. एकाच पाण्यात अनेक जण घाण सोडत असता दोष कोणाचा हे मागाहून कसे ठरवावे, ही अडचण त्या निकालात आहे. वाचकांच्या ध्यानात आले असेलच, की ही १९०६ ची मिसूरीचीच अडचण आहे.

तथापि या साऱ्या खटल्यांचे फलित काहीच नाही असे समजणे चूक ठरेल. जी कायाहोगा पेटली होती, तिच्यातील मासे खाण्यावर असलेले विशेष निर्बंध २०१९ साली, आगीच्या पन्नासाव्या वर्षी, उठविले गेले.

* * *

आपल्याकडे पाणी हा राज्यांचा विषय. म्हणून १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा राज्यांच्या ठरावांच्या आधारे, राज्यघटनेच्या २५२ व्या अनुच्छेदाखाली संसदेने केला. मूळ कायद्यात खटला भरण्याची किल्ली मंडळांच्याच हाती होती. १९८८ च्या दुरुस्तीने ४९ व्या कलमात भर पडली आणि कोणाही व्यक्तीला, मंडळास ६० दिवसांची नोटीस देऊन, फिर्याद नेता येऊ लागली. हे साठ दिवस वाचकांच्या ओळखीचे आहेत. त्याच वर्षी, १२ जानेवारी १९८८ रोजी, कानपूरच्या सांडपाण्याविषयी एम. सी. मेहता यांनी आणलेल्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अर्जदाराची जमीन नदीकाठी नसली तरी गंगेचे पाणी वापरणाऱ्या लोकांच्या जीविताची चिंता वाहणारा माणूस म्हणून त्याला येथे येण्याचा अधिकार आहे.

२०१७ च्या मार्चमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. गंगा व यमुना या कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहेत, असे जाहीर केले. डग्लस यांचे स्वप्न आणि आपली देवतेची कल्पना येथे एकत्र आली. परंतु नदीचे पालक म्हणून नेमले कोणाला? सरकारी अधिकाऱ्यांनाच. आणि ते राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलैमध्ये निकालास स्थगिती मिळाली. जो परवाने देतो त्यालाच पालक केले, तर तो पालक दावा कोणाविरुद्ध लावणार? मल्लिकांच्या देवासाठी प्रिव्ही कौन्सिलने त्रयस्थ प्रतिनिधी मागितला होता, तो याच कारणाने.

अमेरिकेने नदीला व्यक्ती मानले नाही. तिने नळाच्या तोंडाशी मोजमाप ठेवले, त्याचा हिशेब चारचौघांस खुला केला, आणि काठच्या माणसाला साठ दिवसांच्या नोटिशीचा अधिकार दिला. नदीला देवता मानणाऱ्या समाजात असा नोटीस देणारा माणूस सहज मिळावा, असे वाटते. देवळाच्या तळीत गटाराचे पाणी शिरले तर महाजनांची सभा भरते, ठराव होतो, अर्ज जातो. तीच तळी ज्या नदीच्या पाझराने भरते, तिच्यात वर कोणाचा नळ उघडतो, त्याला संमतिपत्र मिळाले आहे काय आणि त्यात मर्यादा किती लिहिली आहे, हे विचारण्यासही त्याच सभेतील एखाद्याने उठावे. त्यासाठी लागणारा कागद साधा आहे. त्यावर सही मात्र नदी करू शकत नाही.